मावशीचा सूर आणि दोन स्पीकर

जुनी गाडी घेतली, तेव्हापासून तिच्यातल्या पेनड्राइव्हच्या टेपाचे स्पीकर नुसते खरखरायचे. नव्यांसाठी माझ्याकडे मोजकेच पैसे होते. ते पुढच्या दारांतल्या दोन स्पीकरांवरच घालायचे, हे खामगावच्या दुकानात शिरण्याआधीच मी ठरवलं होतं.

दुकानदाराचा हात मात्र डिक्कीत बसवायच्या बासच्या डब्यावरून हलत नव्हता. "ताई, याच्याशिवाय मजाच नाही," म्हणत त्यानं डीजेचं गाणं लावलं. काचा थरथरल्या. डीजेच्या गाण्यावर कुठलाही स्पीकर भारीच वाटतो. मला असं कोणी गुंडाळू शकत नाही. मी माझा पेनड्राइव्ह पुढे केला. त्यात पिंपळगाव राजा गावच्या माझ्या मावशीनं बुद्धपौर्णिमेला गायलेलं भीमगीत होतं, साथीला फक्त ढोलकी आणि टाळ्या. बासच्या डब्यावर ढोलकी तेवढी गरजली, शब्द बुडाले. मग एका साध्या दिसणाऱ्या जोडीवर टाळ्यांमागच्या मावशीच्या बांगड्यासुद्धा किणकिणल्या.

"हीच द्या," मी म्हटलं. डिक्की सामानासाठी मोकळी राहिली.

पुढच्या रविवारी मावशीच्या दारात गाडी उभी केली, तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि मोठ्या ऐटीत तेच गाणं लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्या कडव्याला तिनं एकदम माझा हात धरला.

"बंद कर व. अठी माहा सूर घसरला."

"मले तर इतल्या वर्षांत कधी ऐकू नाही आला!"

"त्या जुन्या खरखऱ्या स्पीकरात कोणालेच नाही येत," मावशी म्हणाली. "तेच स्पीकर बसव परत."