धुऱ्यावरची एरंडी

माझं अक्षर वाईट आहे, आणि काना-मात्रा कुठे द्यायची तेही नीट कळत नाही. शाळा चौथीतच सुटली, त्याबद्दल माफी असावी. पण भर बैठकीत सुधाकरभाऊ माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्या बाईनं माह्या वावरात अळ्या सोडल्या," तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. तेव्हा बोलता आलं नाही, ते आता लिहिते.

मी अळ्या पाळते. हसू नका, हे माझं काम आहे. यवतमाळच्या एका लॅबमधून मला अंड्यांचे कागद येतात. त्यातून अळ्या निघतात. घरामागच्या शेडमध्ये मी त्यांना ट्रेत एरंडीची पानं घालून मोठं करते आणि लॅबची गाडी त्यांना घेऊन जाते. तिथे त्यांना अळ्यांचाच एक रोग लावतात आणि त्या मेल्या की त्यांच्यापासून फवारणीचं औषध बनवतात. म्हणजे माझ्या अळ्या शेत खायला नाही, शेत वाचवायला जातात.

लॅबचे साहेब या जातीला स्पोडोप्टेरा म्हणतात. मक्यावर येणारी लष्करी अळी हिचीच बहीण. हिचा पतंग दिसायला साधा, मातकट. पुढच्या पंखांवर पांढऱ्या रेषांची जाळी, मागचे पंख शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे पांढरे. दिवसा पाल्यात लपतो, अंधार पडला की उडतो. मादी पानाच्या मागे अंड्यांचा पुंजका घालते आणि आपल्याच अंगाची पिवळट लव त्याला चिकटवते. पानाला मळका कापूस चिकटल्यासारखा दिसतो. लहान अळ्या एकाच पानावर दाटीनं बसतात आणि पानाची चाळणी करतात. मोठ्या झाल्या की पांगतात, दिवसा मातीच्या भेगांत राहतात. कोषही मातीतच करतात. सोयाबीन, पराटी म्हणजे कपाशी, कोबी, काहीही खातात. पण एरंडी सगळ्यांत आवडीची.

आमच्या गावात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. सोयाबीनच्या धुऱ्यावर सगळ्यांनी एरंडी लावलेली आहे. ती पानं मी आणि शेजारची कमल रोज तोडून आणतो. घरी प्रत्येक पान उलटून पाहतो. बाहेरचा पुंजका दिसला की उकळत्या पाण्यात टाकतो, कारण बाहेरची अळी आत आली तर रोग आणते आणि लॅब सगळा लॉट रिजेक्ट करते.

फक्त सुधाकरभाऊंच्या धुऱ्यावरची पानं आम्ही तोडत नव्हतो. पेरणी झाल्यावर त्यांनीच मनाई केली.

"पानं ओरबाडली तर बी काय भरंन? माह्या धुऱ्याले हात लावाचा नाई."

"ठेवा बाप्पा," कमल म्हणाली, "पानाले सोनं लागलं तर सांगजा आमाले."

मी कमलला ओढत घरी आणलं. मला भांडण नको होतं.

पुढे सोयाबीन फुलावर आलं आणि अळी पडली. सगळं गाव सोडून सुधाकरभाऊंच्याच वावरात. पानांची नुसती जाळी झाली. त्यांनी दोन आणि दोन चार केले. हिला पानं दिली नाहीत, हिनं डूख धरला.

पोलीस पाटलांनी मंदिराच्या ओट्यावर बैठक घेतली. आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर, तेव्हा मारेगावकडे होते. मी एकटी, कमलच्या मागे उभी.

"पाटील," कमल म्हणाली, "अळी काय एसटी पकडून गेली इच्या शेडमधून?"

लोक हसले. सुधाकरभाऊ चिडले.

"एसटी नाई, डब्यात भरून नेली इनं! दुसऱ्याच्या वावरात काहून नाई पडली, सांग न!"

 त्यांच्याच वावरात का, ते मलाही माहीत नव्हतं. पण माझ्या शेडमध्ये कधी पतंगच होत नाही, त्याआधीच लॅब अळ्या नेते, एवढं तर मला सांगता आलं असतं.  लोकांनी माझं गप्प राहणं पाहिलं आणि मान डोलावली. न बोलणारी बाई म्हणजे खोटी बाई, असा हिशेब.

पाटील म्हणाले, "वाद कायले वाढवता? त्याईच्या फवारणीचा खर्च देऊन टाका, बाई. आन् शेड बंद ठेवा."

सासूबाईंच्या चष्म्यासाठी ठेवलेलं लॅबचं पेमेंट मी सुधाकरभाऊंच्या हातावर ठेवलं. कोणी विचारलं नाही, पुरावा काय? माझ्या शेडमध्ये कोणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

शेड बंद झालं. लॅबच्या साहेबांचा फोन आला. "ताई, पुढचा लॉट नसेल तर मला दुसरं गाव पाहावं लागेल." मी ट्रे धुऊन पालथे घातले आणि बोरी अरबच्या बाजारात मजुरी मिळते का, विचारायला लागले.

मग गावभर अळी पडली. ज्यांच्या वावरात कधी नव्हती त्यांच्याही. पाटलांच्याही. आता माझं शेड रिकामं होतं, तेव्हा बोट कोणाकडे करायचं? पाटलांनी कृषी सहायक मॅडमना बोलावलं.

मॅडम सोयाबीनमध्ये गेल्याच नाहीत, आधी धुऱ्यावर थांबल्या. एरंडीचं पान उलटं केलं. मळका कापूस. दुसरं पान, चाळणी.

"या एरंडीची पानं आधी कोण तोडायचं?"

"हीच न," कमलनं मला पुढे ढकललं. "अंडं दिसलं का उकळत्या पाण्यात. तुमीच बंद करवलं हे, पाटील. अन् सुधाकरभाऊनं तं आधीपासूनच धुऱ्याले हात लावू देल्ला नाई."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, एरंडी लावा असं मीच सांगितलं होतं. पतंग सोयाबीन सोडून एरंडीवर अंडी घालतो म्हणून. पण सोबत हेही सांगितलं होतं, की रोज पानं पाहून अंडी तोडून टाका. तुम्ही एरंडी लावली आणि घरी जाऊन बसलात. तोडायचं काम ही बाई करत होती. जिथे तिला तोडू दिलं नाही, तिथे आधी अळी पडली."

मला स्वतःला हे कधी सुचलं नव्हतं. मी तर माझ्या ट्रेपुरतं पाहत होते.

सुधाकरभाऊ काय म्हणाले असतील? "मंग बैठकीत सांगाचं होतं न इनं!"

तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. गप्प राहिले म्हणून मी गुन्हेगार, आणि गुन्हा नाही हे कळल्यावरही चूक माझ्या गप्प राहण्याचीच! ज्यांना बोलता येतं ते एवढा वेळ काय बोलत होते, ते कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सुधाकरभाऊ दारात आले. हातात माझ्या पैशांतले थोडे. "वहिनी, हे घ्या. बाकीचे सोयाबीन इकल्यावर. आजपासून माह्या धुऱ्यावरची पानं तोडा."

मी पैसे घेतले नाहीत. पानं तोडायचा विळा भिंतीला टांगलेला होता, तिकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. आतून कमल ओरडली, "तिले बोलता येत नाई भाऊ, पण समजते सगळं!"

ते गेले. पाटलांच्या आणि आणखी दोघांच्या धुऱ्यावर आम्ही त्याच दिवशी लागलो, लॅबकडून नवे कागदही मागवले. सुधाकरभाऊंच्या एरंडीची चाळणी वाढत राहिली.

या कामात मी एवढं शिकले, की अळी गुपचूप खाते आणि माणूस ओरडून खातो.

आठवड्याच्या आत ते पुन्हा आले.  नोटा माझ्या हातावर ठेवल्या. मी त्यांच्यासमोरच मोजल्या. पूर्ण होत्या. मग मी विळा काढला.