सोमवारच्या कोऱ्या जागा

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बांद्यात माशांच्या टेम्पोपाशी एका दलालाशी भांडत होतो. काकी एवढंच म्हणाल्या, "दत्तू, हे गेले रे..." मी आचऱ्याला पोचेपर्यंत मोबाइलवर आणखी एक निरोप येऊन पडला होता, मुंबईच्या एका संशोधकाचा. दोन ओळी दुःखाच्या आणि तिसरी, "त्यांच्या वह्यांचं आता काय करणार आहात?" मेलेल्या माणसाचे डोळे मिटायच्या आत कोणी त्याचा खिसा चाचपावा, तशी किळस आली. महिना उलटला तरी ती गेलेली नाही.

आबा आमच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारायचे. मी डोक्यावरून टोपल्या वाहायचो, तेव्हापासून. लिलाव संपला की वाळूतच मांडी घालून वहीत लिहीत बसायचे... कुठली होडी, कुठला मासा, किती टोपल्या, वारा कुठला. कोणी सांगितलं नव्हतं. पुढे मी स्वतःचा धंदा उभा केला, मासळीच्या भावावरून त्यांच्याशी शंभरदा भांडलो, पण वहीतल्या आकड्यावर कधी बोट ठेवता आलं नाही. सोमवारी मात्र ते किनाऱ्याकडे फिरकत नसत. सोमवार पाळायचे; मासा खाणं सोडाच, त्याचा वासही नको. त्या दिवशी लिलाव दुसरा कोणी पुकारायचा आणि वहीत तारखेपुढची जागा कोरी राहायची.

मासळीसाठी बर्फाचं सरकारी साठवणघर कुठल्या गावात बांधायचं, हे ठरवायला दोन वर्षांपूर्वी तो संशोधक आला. स्वतः मोजायला वेळ नाही, आधीच कोणी लिहून ठेवलं असेल ते वापरू, म्हणाला. त्यात वाईट काही नाही. मीही कालच्या भावावरूनच आजचा बोलतो. आबांकडे त्याला मीच नेलं. चहा थंड होईपर्यंत घासाघीस करून अहवालाच्या पहिल्या पानावर आबांचं नाव छापायचं कबूल करून घेतलं. त्याने वह्यांचे फोटो काढले आणि गेला. आबा समोर बसले होते, त्यांना एक प्रश्न विचारला नाही.

अहवाल आला. नावाच्या जागी 'स्थानिक नोंदी'. आणि आत लिहिलेलं, या किनाऱ्यावर सोमवारी मासळी येत नाही. कोऱ्या जागांची त्याने शून्यं केली होती! साठवणघर दुसऱ्या गावाला गेलं. आबा अहवाल हातात धरून म्हणाले, "सोमवारी मी खंय जातंय किनाऱ्यावर? मी नाय म्हणान मासो नाय, असा तेका कोणी सांगल्यान?" आम्ही दोघं एसटीने ओरोसला जिल्हा कचेरीत गेलो. टेबलामागचा साहेब हसून म्हणाला, "आजोबा, आम्ही उपलब्ध माहितीवरच चालतो." मी टेबलावर हात आपटला, आबांनीच मला बाहेर ओढलं. परतलो तर किनाऱ्यावर टोमणा तयार होता, "इले बघा, गावाचो बरफ पाण्यात घालवून!" त्यानंतर आबा लिलावाला उभे राहिले नाहीत.

किळस त्या संशोधकाची येते, साहेबाची येते... आणि खरं लिहायचं तर माझीही. सोमवारी मी किनाऱ्यावर असायचो. गोव्याकडे जाणारे मासळीचे टेम्पो मीच भरून द्यायचो. फोटो काढताना त्या कोऱ्या जागा मला दिसल्याही होत्या. पण समोरच्याने न विचारलेलं सांगायचं नाही, ही माझी धंद्यातली सवय. नाव छापून घेतल्याच्या फुशारकीत मी गप्प बसलो. आबांनी याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही.

बाराव्यानंतर काकींनी ट्रंक उघडली. "शेवटपर्यंत ह्याच करत होते. बघ तरी," म्हणाल्या. आबांनी सगळ्या वह्या पहिल्यापासून पुन्हा काढल्या होत्या आणि थरथरत्या अक्षरात एकेक कोरी जागा भरली होती. जुन्या वह्यांत, 'मी नव्हतो,' आणि पुढे त्या दिवशी लिलावाला असलेल्या कोणाचं तरी नाव, बहुतेक आता हयात नसलेल्यांचं. मी धंद्यात उतरलो त्यानंतरच्या प्रत्येक सोमवारपुढे मात्र एकच ओळ आहे... 'मी नव्हतो. दत्तू होता, त्याला विचारा.'