अकरा पिल्लं आणि आईची मूठ

बेडूक पाळायचे तर आधी चिलटं पाळावी लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी कंपनी बंद पडली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मी घरी बसलो. त्याच सुमारास शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानदाराने मला सहा विषारी बेडूक दिले. अंगठ्याच्या दोन पेरांएवढे, हिरवे-काळे, नुकता ऑइलपेंट मारल्यासारखे चकचकीत. ते त्याच्याकडे कुठून आले हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विष म्हणाल तर जंगलातल्या मुंग्या-किडे खाऊन ते त्यांच्या अंगात येतं. आमच्या बेव्हर्ली पार्कातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते बिचारे बिनविषारीच राहिले.

हे ज्ञान केबिन रोडच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मिळवलेलं. बेडकांना खायला पंख खुरटलेली, उडता न येणारी चिलटं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या शिपायाने आणून दिली. मग जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत पिकलेलं केळं, मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून घालायचा, तोंडाला फडकं बांधायचं आणि वास सोसायचा. बायको ऑफिसला निघताना बाटल्यांकडे बघून म्हणायची, "अहो, लोक घरातली चिलटं मारतात. तुम्ही वाढवताय." तिचं काय चुकत होतं? नळाचं पाणी क्लोरीन उडून जायला दोन दिवस बादलीत उघडं ठेवल्याशिवाय बेडकांना चालत नसे, आणि आमच्याकडे मुळात पाणीच दिवसाआड. मे महिन्यात बर्फाच्या बाटल्या बेडकांच्या काचेच्या पेटीला टेकवून ठेवायच्या, वितळल्या की बदलायच्या. नोकरीत मी कधी इतका दमलो नव्हतो. शिवाय या दमण्याला रविवार नव्हता.

सहांपैकी तीन माद्या निघाल्या आणि तिघी एकमेकींची अंडी खायच्या. सवती परवडल्या. शेवटी अंडी दिसली रे दिसली की मी ती चमच्याने उचलू लागलो. त्यातून निघालेली शेपटीवाली पोरंही एकमेकांना खाणार, म्हणून प्रत्येकाला वेगळा प्लास्टिकचा ग्लास आणि पाणी नासू नये म्हणून त्यात बदामाच्या झाडाचं वाळकं पान. खिडकीच्या कट्ट्यावर ग्लासांची रांगच लागली. पहिली खेप उन्हाने गेली. दुसरीचे पुढचे पायच धड फुटले नाहीत. तिसरीतली अकरा पिल्लं मात्र शेपूट गळून पाण्याबाहेर आली आणि मी त्यांना वेगळ्या लहान पेटीत ठेवलं. नखाएवढी, पण रंगाने थेट आईबापांसारखी.

ती अकरा मोठी व्हावीत, बस्स, एवढंच मला हवं होतं. मी हात घातलेली एक तरी गोष्ट धड शेवटाला गेलेली मला बघायची होती. हे मी कुणाला बोललो नव्हतो. पण आईला कळलं असावं. घरात तीच काय ती माझ्या बाजूची. वेताचा मोडा घेऊन पेटीसमोर बसायची, बाटल्यांसाठी केळी सोलून द्यायची. "रत्नागिरीत अंगणभर बेडूक असायचे," ती म्हणायची, "पण असे नटवे नाही हो बघितले."

एका दुपारी शेजारची गुजराती बाई पिल्लं बघायला आली. "अरे वाह, कितने सुंदर हैं!" म्हणत तिने बोट नाचवत एकेक मोजलं, पूर्ण अकरा. आईचा चेहराच पडला. लेकुरवाळीची पोरं कुणी अशी बोटाने मोजतं का? योगायोग असा की दुसऱ्या दिवशी एक पिल्लू सुस्त दिसलं.

त्या संध्याकाळी मी बदामाची पानं गोळा करून आलो, तेव्हा घरात जळक्या मिरच्यांचा वास होता. आई स्वयंपाकघरातून खुशीत बाहेर आली. "बेडकांची दृष्ट काढली. मिरच्या जाळल्या तरी एक ठसका आला नाही. बघ, केवढी लागली होती! झाकण काढूनच ओवाळलं हो. झाकणावरून कशी उतरेल?"

मी पिल्लांच्या पेटीत पाहिलं. ओल्या शेवाळावर मोहरीचे दाणे होते आणि त्यांच्यामध्ये विरघळत चाललेले मिठाचे खडे. आईची मूठ हल्ली घट्ट मिटत नसे. बेडूक कातडीनेच पाणी पितो. त्याला मीठ म्हणजे निखारा. मी एकेकाला चमच्यावर घेऊन साठवलेल्या पाण्याने धुतलं. पाय ताणून ती तशीच पडून राहिली. रात्रीच्या जेवणाआधी अकराही गेली.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? बेडूक आणल्यापासूनच्या दहा महिन्यांचा राग आला. बायको दारात उभी होती. तिने मोहरी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे होऊन पिल्लांच्या पेटीचं झाकण लावलं.

आई मागून येऊन विचारू लागली, "काय झालं रे? गेली? माझ्या हातून तर काही नाही ना झालं?"

"उकाडा," मी म्हणालो. "मे महिनाय, आई. उकाड्यानेच गेली."

ती मोड्यावर बसून रडली. मग डोळे पुसून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि पुन्हा मूठ भरून आली. मोठे सहा तरी वाचवायला हवेत, म्हणाली. तिचा हात मोठ्या पेटीच्या झाकणाकडे गेला तसा मी पेटीला पाठ लावून खाली जमिनीवरच बसलो.

"त्यांची नको," मी म्हणालो. "माझी काढ."

आईने झाकणावरचा हात मागे घेतला. मग माझ्या डोक्यावरून मूठ ओवाळत म्हणाली, "खरंच रे, तुझीच काढायला हवी होती आधी. माझं चुकलंच." मीठ माझ्या केसांत, मानेवर पडत होतं. ते मी झटकलं नाही.