लेक नाटकात काम करते

आमच्या शाळेत नाट्यविभाग आहे असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मोठं सभागृह असेल, मखमली पडदा असेल. आमचा नाट्यविभाग म्हणजे एक सर, एक लोखंडी कपाट आणि मी. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून विभागात माझं वजन थोडं जास्त आहे असं मी धरून चालते. सरांना ते मान्य नाही.

शाळा आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर, दोन्ही अंगांनी हळदीची शेतं. मी इथं लागले ती प्रयोगशाळा परिचर म्हणून. परीक्षानळ्या धुवायच्या, बेडकाच्या बरणीवरची धूळ पुसायची, आम्लाच्या बाटलीला कुणी हात लावला की ओरडायचं. पहिल्याच हिवाळ्यात स्नेहसंमेलन आलं आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "ताई, तुमच्या ऑर्डरवर 'प्रयोग' हा शब्द आहे की नाही?" म्हटलं, आहे. "मग झालं तर. नाटकाचाही प्रयोगच असतो." असा माझा रंगभूमीवर प्रवेश झाला. रंगभूमीवर म्हणजे तिच्या मागे, जिथं खिळे पायात जातात.

सामान काहीच नव्हतं. तेलाचे पत्र्याचे डबे कापून मी त्यात बल्ब बसवले, पुढे रंगीत जिलेटीन कागद लावला. उजेड कमीजास्त करायचं मशीन मिळतं म्हणे. मी वर्गांतल्या पंख्यांचे जुने, वाटोळे, जाडजूड रेग्युलेटर काढून एका फळीवर ठोकले. तेव्हापासून आमच्या वर्गांतले पंखे एकाच वेगानं फिरतात, पण नाटकात सूर्य उगवतो. एकवर पहाट, तीनवर सकाळ, पाचवर भर दुपार. उगवताना सूर्य कट् कट् वाजतो, पण समोर बसलेली लेकरं एवढा कल्ला करतात की ते कुणाला ऐकू येत नाही. ढग गडगडायला पत्रा, पावसाला सुपात तूर. नाटक भर दुपारी असतं, कारण लोकांना गावाकडची गाडी गाठायची असते. म्हणून पत्र्याच्या हॉलच्या खिडक्यांना शेतात वाफ्यांवर अंथरतात तो काळा मल्चिंग पेपर चिकटवून मी आधी रात्र करते आणि मग तिच्यात दिवस सोडते.

सर परभणीकडून नाटकाचं शिकून आलेले. तालमीत म्हणायचे, "ताई, इथं जरा हुरहुर लावणारा प्रकाश हवा." मी विचारायची, "कितीवर ठेवू?" ते कपाळाला हात लावायचे. मी दोनवर ठेवायची. हुरहुर दोनवर बरोबर येते, पाहिजे तर करून बघा.

एवढं सगळं असूनही फजिती झाली ती एका साध्या शब्दानं. माझी माय सेनगावकडच्या गावात राहते. डिसेंबर-जानेवारीत तिचा फोन आला की मी घाईत असायची, एका हातात पक्कड. "काय करून राहिलीस?" "नाटकात काम हाय माय, ठेव फोन." हे मी चार-पाच वर्षं सांगत आले. नाटकात काम करणं म्हणजे तोंडाला रंग लावून लोकांपुढं उभं राहणं, हे मराठी बोलणाऱ्या कुणालाही कळतं. मला तेवढं सुचलं नाही, कारण माझ्या हातात खरंच काम होतं.

मायनं ही बातमी गावभर केली. त्यातही मोठीमायला आधी सांगितली. मोठीमाय म्हणजे माझी थोरली चुलती, मायची जाऊ. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तिचं प्रत्येक वाक्य "आमचा पुण्याला" असं सुरू होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी ती पुण्यावरून सुरू करते. इतकी वर्षं मायकडे त्याला उत्तर नव्हतं. आता ती थंडपणे म्हणू लागली होती, "आमची नाटकात काम करती."

मला हे कळलं ते यंदा. फोनवर माय म्हणाली, "संमेलनाला आमी येऊन राहिलो. मोठीमाय बी हाय. समद्या मिळून सहाजणी."

"माय, तिथं माझं काम काही दिसत न्हाई गं."

"मागं बसलं तर न्हाई दिसनार. आमी पुढंच बसू."

मला खरं सांगून टाकता आलं असतं. नाही सांगितलं. मोठीमायपुढं माय एकदाच ताठ मानेनं उभी राहिली होती आणि ती मान मीच खाली घालायची, हे माझ्यानं होईना. मग मी अभिमान गुंडाळून सरांकडे गेले. "सर, नाटकात एखादं बारीकसं काम आहे का? मला?"

सर माझ्याकडे बघत राहिले. "ताई, बालनाट्य आहे. तुम्हाला कशात घेऊ?" मग दया येऊन म्हणाले, "शेळी आहे. घोंगडीखाली चार पायांवर. पण गुडघ्यांचं बघा."

नाटक एका मुलीचं आणि तिच्या शेळीचं होतं. बाप शेळी विकायला काढतो, मुलगी रडते, शेवटी बापाचं मन फिरतं. घोंगडी पांघरून मी आले असते तर मायला मी दिसलेच नसते, आणि दिसले असते तर आणखी वाईट. शिवाय मी शेळी झाले तर सूर्य कोण वर आणणार? मी नको म्हटलं आणि रागारागानं फळीवरचे सगळे स्क्रू पुन्हा आवळले.

संमेलनाच्या दिवशी सहाजणी जीपनं हिंगोलीला आणि तिथून एसटीनं आल्या. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आल्या आल्या माझं तोंड निरखून म्हणाली, "आजून रंग न्हाई लावला?" मोठीमाय मागे उभी राहून हॉलच्या पत्र्यापासून माझ्या चपलांपर्यंत सगळं बघत होती. मी मायला हाताला धरून पडद्यामागे नेलं, फळीपुढं उभी केली आणि एका दमात सांगून टाकलं की मी नाटकात काम करते म्हणजे हे करते.

माय फळीकडे बघत राहिली. "म्हंजी तू दिसनारच न्हाईस?"

"न्हाई."

"येकदाबी?"

"पडदा वर जाताना कधीमधी हात दिसतो."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. ती फक्त म्हणाली, "मंग मी तिला काय सांगू?" मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात घंटा झाली. माय बाहेर जायला तयार होईना. कोपऱ्यातली बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी न्हाई जात तिकडं. तू कर तुजं."

मी केलं. पहाट केली, सकाळ केली, सुपातली तूर हलवून पाऊस पाडला. पत्रा हलवला तेव्हा माय दचकून उठली आणि पुन्हा बसली. पण मला दिसत होतं, तिचा पदर हळूहळू तोंडावरून खाली आला होता. ती कधी मंचाकडे बघे, कधी माझ्या हातांकडे, आणि दोन्हींचा मेळ लागला की हलकेच मान हलवी.

शेवटचा प्रवेश कठीण असतो. आमचा पडदा दोरी ओढली की वर जातो आणि सोडली की बदकन खाली येतो. एरवी दोरी खिडकीच्या गजाला बांधलेली असते. पण शेवटी दोन्ही हातांनी दोन रेग्युलेटर एकदम फिरवायचे असतात आणि लगेच पडदा पाडायचा असतो, म्हणून मी दोरी सोडवून पायाला वेढा देऊन उभी राहते. मायला ते बघवेना.

"पायात दोरी? म्हशीवानी? दे इकडं."

"मी मान हलवली की मंगच सोडायची, माय. त्याच्या आधी न्हाई."

"कळते मला." तिनं दोरी मनगटाला गुंडाळून घट्ट धरली.

मी उजेड पाचवरून खाली आणू लागले. मंचावर मुलीनं शेळीच्या गळ्यात हात टाकले आणि रडायला लागली. तालमीत ती कधीच नीट रडली नव्हती. त्या दिवशी मात्र खरी रडली. माझ्या मागून कुजबुज आली, "लेकरू काहून येवढं रडून राहिलं?"

"नाटक हाय, माय."

"डोळ्याला खरं पानी हाय."

"गप बस."

उजेड दोनवर आला. मुलीला हुंदका आला. आणि पडदा बदकन खाली पडला.

समोर लोकांनी बावचळून थोड्या टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या अंगाला सर दोन्ही हात हवेत नाचवत होते. मिशी लावलेला नववीतला बाप माझ्याजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला, "मावशी, माझं राहिलं की!"

"माय! सोडली काहून?"

"किती येळ रडवायचं लेकराला? मला न्हाई बघवलं." ती स्वतःच डोळे पुसत होती.

"अगं, आता बाप येनार हाय. शेळी विकायची न्हाई म्हननार हाय!"

"विकत न्हाई?"

"न्हाई!"

"मंग आधी सांगायचं ना!" असं म्हणून मायनं दोरीला असा हिसडा मारला की पडद्याचा बांबू वरच्या पत्र्यावर आदळला. मंचावर शेळी घोंगडी काढून दोन पायांवर उभी होती आणि बाटलीतून पाणी पीत होती. पडदा वर गेलेला दिसताच ती बाटलीसकट चार पायांवर पडली. हॉलमध्ये जो हशा पिकला तो बापाचं वाक्य होईपर्यंत थांबला नाही. बाप ओरडून म्हणाला, "नाही विकायची!" मी दोन्ही रेग्युलेटर पाचवर नेले, मान हलवली, आणि या वेळी पडदा अगदी वेळेवर पडला.

बाहेर कडुलिंबाखाली पाहुण्यांना चहा होता. मी हात पुसत मायच्या मागोमाग गेले. मोठीमाय वाटच बघत होती. कप हातात, बाकीच्या चौघी भोवती. "काय गं, डोळे फाडून बघितलं समदं. तुजी लेक तर कुटंच दिसली न्हाई."

मी तोंड उघडणार, तोच माय म्हणाली, "कशी दिसंल, बाई? बटनं समदी तिच्या हातात व्हती. तिनं दाबलीच नसती तर तुमी काय बघनार व्हत्या? अंधार?"

मोठीमायनं चहाचा एक घोट घेतला. मला वाटलं, आता पुणं येणार.

"उजेड हिचा व्हय?" ती म्हणाली. "मंग येक सांगते. शेवटी त्या पोरीच्या तोंडावर लई पडून राहिला व्हता. डोळे बारीक करत व्हती बिचारी. जरा कमी पाडायचा."

इतक्या वर्षांत मुलांच्या पाठांतराला बक्षिसं मिळाली, सरांना शाल मिळाली, शेळीचंसुद्धा कौतुक झालं. माझ्या उजेडाकडे कुणी एवढं बघितलं नव्हतं की त्यात चूक सापडावी. आणि चूक खरी होती. मला इतका आनंद झाला की वाकून मोठीमायच्या पाया पडावंसं वाटलं.

"व्हय, मोठीमाय," मी म्हणाले. "पाचवर नको व्हता. चारवर बराबर झाला असता."

माय हळूच पुढं सरकली, पदर खांद्यावर नीट केला आणि जावेकडे वळून म्हणाली, "बघा बाई. आमचीला समदे नंबर ठावं हायेत."