अप्पांचा घरातला आवाज

म्हैसूरला देवराज मोहल्ल्यात एका सोनाराच्या दुकानाच्या जिन्याखाली अप्पांचं शिलाई मशीन असायचं. वर गिऱ्हाईक चढलं की अप्पांच्या डोक्यावर धूळ पडायची. आई घरी ब्लाउजना हूक लावायची, आणि लग्नसराई संपली की बरेच दिवस संध्याकाळी नुसती नाचणीची आंबील. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत घोड्यावर होते म्हणे. आमच्यापर्यंत घोडा काही पोचला नाही, आडनाव तेवढं पोचलं. या घराण्यात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. आज मी इथल्याच एका कंपनीत प्रोग्रामर आहे आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. जिन्याखाली बसून ज्यांनी मला शिकवलं, ते अप्पा गेल्या महिन्यात गेले. घशाचा कॅन्सर.

अप्पांना गळा होता. शनिवारी मारुतीच्या देवळात भजन असायचं, त्यात पहिला स्वर त्यांचा. एरवीही माणूस गप्प बसायचा नाही. कापड कापताना बोलायचे, जेवताना बोलायचे, आणि ते आमच्या घरातलं मराठी, ज्यात दर चौथा शब्द कन्नड. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि स्वरयंत्र काढावं लागेल हेही सांगितलं, तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "म्हणजे भजन साकु." साकु म्हणजे पुरे.

मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट ठाऊक होती. माणसाचं बोलणं पुरेसं रेकॉर्ड केलं, तर पुढे तो फोनवर टाइप करेल ते त्याच्याच आवाजात बोलून दाखवता येतं. मी अप्पांना माइक जोडून दिला. ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, दार लावून बसायचे. आई बाहेरून भांड्यांचा आवाजसुद्धा करायची नाही. ऑपरेशन झाल्यावर मी ते सगळं ऐकायला घेतलं आणि... अप्पांनी मराठी मंडळाच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलं होतं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच वाचलं होतं. एकेक अक्षर तोलून, पुण्याकडच्या मराठीत. एकही 'अय्यो' नाही. आमच्या लोकांची ही जुनी खोड आहे. महाराष्ट्रातले पाहुणे आले की आमची माणसं एकतर गप्प होतात, नाहीतर पुस्तकासारखं बोलायला लागतात. माइकसमोर आपलं मोडकं मराठी कसं बोलायचं, असं त्यांना वाटलं असणार. आता पुन्हा रेकॉर्ड करायला घसाच नव्हता.

तरी मी होतं त्यावरच काम उरकलं. अप्पांनी पहिलं वाक्य टाइप केलं, मराठी पण कन्नड लिपीत, कारण शाळा कन्नडच: स्वल्प कॉफी दे, बेग. जरा कॉफी दे, लवकर. फोन बोलला. आवाज अप्पांचाच, पण 'स्वल्प'वर अडखळला आणि बाकीचं एखादं निवेदन वाचावं तसं वाचलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अय्यो, हे कोण बोलालंय? बातम्यावाले घरात आले काय?"

मी हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी फोन पालथा घातला आणि त्यानंतर कित्येक दिवस काही हवं असलं की टाळी वाजवायचे. एवढा बोलका माणूस... टाळी वाजवायचा.

मग मला व्हॉइस मेसेज आठवले. मी बेंगळुरूला नोकरीत असताना अप्पांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते बोलूनच पाठवायचे. "पुट्टी, जेवलीस की नाही गं? सुम्ने उपाशी राहू नकोस." पुट्टी म्हणजे छोटी, सुम्ने म्हणजे उगाच. मागे शिलाई मशीन, रिक्षा, सोनाराकडची भांडणं. आईच्या फोनवर होते, आणि भजनातले हणमंतराव मामा यांच्याकडे तर खच होता, सगळ्या शिव्या. "हणमंता, तुझा ताल कुठं नंजनगूडला गेलाय का रे?" मामा ते मला ऐकवताना डोळे पुसत होते आणि म्हणत होते, "बघ, मेल्यानं कधी गोड बोललं नाही बघ!"

मी ते एकेक मेसेज साफ करत गेले. मागचा गोंगाट फार काढला की अप्पांचा हेलही जायचा, म्हणून थोडा ठेवला. ऑफिसमध्ये असलं काम कुणी मान्य केलं नसतं. पण त्यावरून आवाज नव्यानं तयार करून मी फोन अप्पांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार करून टाइप केलं, आणि फोन बोलला, "एनु गं, मीठ कमी घातलीस आज." आईच्या हातातलं उलथनं खाली पडलं. मग ती त्यांच्याशी भांडली, मिठावरून, मनसोक्त.

गाणं मात्र जमलं नाही. एकदा त्यांनी भजनाची ओळ टाइप केली, फोननं ती सपाट वाचली. "गाता येत नाही त्याला, अप्पा," मी म्हणाले. त्यांनी हात हलवला, जाऊ दे. शनिवारी ते देवळात जायचे आणि झांज वाजवून यायचे. थोडेच शनिवार. गाठ पुन्हा आली होती.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या संध्याकाळी बोटं चालत नव्हती, तरी त्यांनी लिहिलं. फोन म्हणाला, "साकु गं, घरी जा. सुम्ने बसलीस तर पाठ दुखेल तुझी."

आई म्हणाली, "दुखू दे. तुम्ही बोला."

तेराव्याला आतेभाऊ म्हणाला, "अप्पांच्याच आवाजात सगळ्यांचे आभार मानूया की!" मी नाही म्हटलं. त्याच दिवशी बोलणारी यंत्रणा पुसून टाकली. अप्पांनी स्वतः लिहिलेली आणि त्यांच्या आवाजात बोललेली वाक्यं तेवढी फोनमध्ये राहू दिली. ते जे बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालायचा मला अधिकार नाही. आई रोज सकाळी तो फोन चार्जिंगला लावते. ऐकत नाही अजून. मला पदवीचा काय उपयोग झाला असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर तयार आहे: माझे अप्पा मुके होऊन गेले नाहीत.