मुठीतलं मंगळाचं पाणी

मंगळाच्या दक्षिण ध्रुवावर बर्फाच्या जाड थराखाली न गोठलेलं पाणी असू शकतं, हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने वरून रेडिओलहरी सोडल्या, त्या बर्फाच्या तळाशी एके जागी आपटून जोरात परतल्या, म्हणून ही शंका. काही शास्त्रज्ञांच्या मते तिथे नुसती चिकणमातीही असेल. सातवीच्या वर्गात हे सांगताना मी त्या मातीचं नावच काढलं नाही. एवढ्या थंडीत पाणी गोठत कसं नाही, असं एका मुलीने विचारलं आणि मी हरखलेच. क्षारांमुळे, म्हटलं, उद्या दाखवते.

दुसऱ्या दिवशी गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी आणली. सोलापूरचा मार्च, त्यामुळे निम्मा वर्ग विज्ञानापेक्षा गारव्यासाठीच टेबलाभोवती जमला. लादी फोडून घमेल्यात चुरा केला, वर खडेमीठ ओतलं. थर्मामीटर शून्याच्या बराच खाली गेला, तरी तळाशी पाणी साचत राहिलं. "हे बघा, मंगळाचं पाणी," मी म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने हात पुढे केला, धरून बघू का म्हणून. मी तिच्या उजव्या हातात मूठभर चुरा दिला आणि फळ्यावर ध्रुवाची आकृती काढायला वळले.

आकृती मेली छान जमत होती. रंगीत खडूने थर भरत बसले. पुन्हा वळले तर तिची मूठ तशीच बंद. गार लागत नाही का, विचारलं. आधी लई लागत होतं, आता काहीच होत नाही, असं ती अभिमानाने म्हणाली.

मूठ उघडली तेव्हा तळवा आणि चारही बोटं पांढरीफटक होती, मेणासारखी. मी एक बोट दाबलं. तिला कळलं नाही. मिठाचा बर्फ साध्या बर्फापेक्षा कितीतरी थंड असतो, हे तासभर मीच शिकवत होते.

शाळेसमोरच्या दवाखान्यात तिला जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टरांनी हात कोमट पाण्यात ठेवायला सांगितलं, चोळायचा नाही म्हणाले. बोटांत जीव परत येईल ना, मी विचारलं. बघू, एवढंच ते म्हणाले. भीती त्या पोरीच्या हाताची होती. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या नोकरीचीही होती.

तिची आई मागच्याच गल्लीत राहायची, विड्या वळायची. निरोप मिळताच ती तशीच आली, बोटांना तंबाखू लागलेली. मुलीचा हात पाण्यातून उचलून तिने एकेका बोटाच्या टोकावर नख रुतवलं. "हितं? हितं?" मुलगी नाही म्हणून मान हलवत राहिली.

"बाई, हिला कळंना झालंय की," ती हळूच म्हणाली. "उजवा हात हाय."

मी पाणी बदललं. परत बदललं. भांडं धरताना निम्मं पाणी माझ्या साडीवर सांडत होतं. आई आरडाओरडा करती तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. ती फक्त बोटांकडे बघत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मुलीचे ओठ थरथरले. "अम्मा, दुखूलालंय," ती म्हणाली आणि पाठोपाठ तिने भोकाडच पसरलं. पांढऱ्या बोटांवर लाली चढत होती. दुखतंय हे चांगलं लक्षण आहे, डॉक्टर म्हणाले. मला हसू फुटलं. तोंडावर पदर धरला तरी आवरेना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसत राहिले.

पोरीला छातीशी धरून आईने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांचं बोलणं तिनेही ऐकलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "लेकरू रडूलालंय माझं."