वाळवीच्या औषधानं बसलेला डोंगर

"मुलाणी, डोंगर खाली बसलाय. लगेच या," शाळेच्या संस्थेचे सचिव फोनवर म्हणाले. बारामतीहून तसाच निघालो. हॉलमध्ये शिरलो आणि डोकंच फिरलं. डोंगराच्या जागी खड्डा पडला होता. बाभळी त्यात आडव्यातिडव्या पडल्या होत्या आणि हॉलभर डिझेलचा वास सुटला होता.

मी मॉडेल बनवतो. एरवी बिल्डरांच्या बिल्डिंगा असतात. हा मात्र छोट्या रेल्वेचा लेआउट होता. म्हणजे मोठ्या टेबलावर रूळ, डोंगर, झाडं आणि मागं बॅकड्रॉप, म्हणजे रंगवलेलं आभाळ नि लांबचा माळ. गाडी वालचंदनगरच्या तात्यांची. कारखान्यातून रिटायर झाल्यावर इंजिन आणि डबे त्यांनी स्वतः घडवले. शाळेला देताना एकच अट घातली. गाडी कळंबजवळच्या त्यांच्या लहानपणच्या माळावरून गेली पाहिजे. तो माळ आता उरलेला नाही, मुरमासाठी खणून नेला. नेणाऱ्या डंपरांत सचिवांचेही डंपर होते, हे गावात कुणाला नवीन नाही.

तात्या आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन बसायचे. "बोरीचं झाड हितं नको, वगळीच्या कडंला," असं सांगायचे. वगळ म्हणजे माळावरचा बारका ओढा. माझी बायको नसीम घाणेरीच्या वाळक्या काटक्यांवर भुसा रंगवून चिकटवायची, की बाभूळ तयार. उसाचे तुरे कातरून गवत केलं. बॅकड्रॉपचं आभाळ मी मुद्दाम फिकट ठेवलं, टेबलावरचा माळ मागच्या चित्रात मिसळायला हवा म्हणून. डोंगर थर्माकोलचा, वरून कागद आणि माती.

"काय केलंत?" मी सचिवांना विचारलं.

"काय म्हंजे? सगळ्या खऱ्या काटक्या. वाळवी लागली असती. घरच्या दारांना मारतो तेच औषध डिझेलात कालवून मारलं. पंपानं."

उसावर फवारायच्या पंपानं! थर्माकोलवर असलं औषध पडलं की तो विरघळतो. पाठीवर पंप घेण्याआधी या माणसाला एक फोन करता आला नाही. वर मलाच म्हणतात, "तुमचं काम कच्चं हाय."

मी चार दिवस मागितले. सचिव हसले. "उद्या उद्घाटन हाय, पाव्हणे यायचेत. अन् ते जंगल तरी हुतं का? जंगल कसं हिरवंगार पायजे." दुपारी त्यांनी माशांच्या टाकीतली प्लास्टिकची झाडं मागवली आणि खड्ड्यात रोवली. मागच्या फिकट आभाळापुढं तो हिरवा गठ्ठा नुसता ओरडत होता. मी हात लावायला नकार दिला. "मग गप उभं राहा," ते म्हणाले. नसीमच्या बाभळी कोपऱ्यात केरासारख्या लोटल्या होत्या. त्या मी एकेक उचलून खोक्यात भरल्या.

दुसऱ्या दिवशी तात्या पाहुण्यांच्या आधीच आले. टेबलावर वाकले, प्लास्टिकचं एक झाड बोटानं हलवून बघितलं.

"मुलाणी, ह्ये तुमी केलं?"

सचिवांनी माझ्याकडं डोळे वटारले.

"नाही तात्या," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. औषध, डिझेल, पंप, काही लपवून ठेवलं नाही.

सचिव मध्येच बोलले, "तात्या, एवढं काय त्यात? खड्डा झाकलाय की."

तात्यांनी आवाज चढवला नाही. "खरा माळ तुमच्या डंपरनी नेला. ह्यो तरी ठिवायचा हुता." त्यांनी इंजिन उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि पिशवीत ठेवलं. मग एकेक डबा. सचिव "अवो तात्या, पाव्हणे यायचेत" करत मागं लागले. तात्या थांबले नाहीत. त्यांना घरी मी सोडलं.

उद्घाटन झालं म्हणतात. पाहुण्यांनी रिकाम्या रुळांसमोर फीत कापली. सचिव अजून सांगत फिरतात की मी म्हाताऱ्याला फितवलं. फिरोत. माळ मी पुन्हा बांधला, तात्यांच्या पुढच्या खोलीत. गाडी तिथं रोज धावते.

आता तयार काम हवाली करताना गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी बजावतो. थर्माकोलजवळ डिझेल आणायचं नाही. आणि लेआउटला कीड लागत नाही, ती संस्थेला लागते.